चेंडू नसलेले गडी

मुदखेडहून फुटबॉलचा सामना बघायला निघायचं म्हटलं, तर पहिला प्रश्न पडतो तो दिशेचा. आमचं स्टेशन जंक्शन आहे. एक लाइन हैदराबादकडे जाते, एक नांदेड-मनमाडवरून मुंबईकडे, आणि तिसरी भोकर-किनवटवरून आदिलाबादला. तिसऱ्या दिशेला फुटबॉल मिळायचा नाही, सागवान मिळेल. राहिल्या दोन.

हैदराबाद जवळ. आमच्याकडचे लोक लग्नाच्या बस्त्याला, मोठ्या दवाखान्याला तिकडेच पळतात. तिथे संघही होता, हैदराबाद एफसी. २० मार्च २०२२ रोजी गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर त्यानं केरळ ब्लास्टर्सला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून इंडियन सुपर लीगचा चषक उचलला. पुढे पैशाची ओढाताण सुरू झाली, पगार थकले, चांगले खेळाडू एकेक करून निघून गेले आणि २०२५ साली तो संघच नाव बदलून दिल्लीला गेला. शहर जागच्या जागी, मैदान जागच्या जागी आणि संघ मात्र हजार मैलांवर, हे आमच्यासारख्या गावात राहणाऱ्या माणसाला पटकन पचत नाही. कुस्तीतला पैलवान दुसऱ्या तालमीत जातो, पण तालीम उठून जात नाही.

तेव्हा मुंबई.

पण हैदराबादला असं एका परिच्छेदात वाटेला लावणं बरं नाही, कारण फुटबॉलच्या बाबतीत आम्ही मराठवाड्याची माणसं मूळची त्याच घरची. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं हैदराबाद सिटी पोलीस या संघानं मुंबईच्या कूपरेज मैदानावर रोव्हर्स कप जिंकला. रोव्हर्स म्हणजे १८९१ पासून चालत आलेली स्पर्धा. कलकत्त्याचे बडे संघही तिथे यायचे, पण त्या पाच वर्षांत चषक राहिला तो या पोलिसांकडेच. नोकरी पोलिसाची, पण खरं काम फुटबॉल खेळायचं, असा तो जमाना. त्यांचे गुरू सय्यद अब्दुल रहीम, पेशानं शिक्षक. आणि त्या पाचही वर्षी मुदखेड, नांदेड, लातूर, सगळा मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. म्हणजे कूपरेजवर जिंकत होता तो आमच्याच राज्याच्या राजधानीचा संघ.

माझे चुलत आजोबा उर्दूत शिकलेले. नांदेडच्या पलीकडे मुंबईच्या बाजूला ते आयुष्यात गेले नाहीत, एकही मोठा सामना त्यांनी डोळ्यांनी पाहिला नाही. पण अझीझ आणि नूर ही नावं ते अशी घ्यायचे की वाटावं, दोघं शेजारच्या गल्लीत राहतात. ती नावं त्यांना उर्दू वर्तमानपत्रातून मिळाली होती. लहानपणी मला तो म्हाताऱ्या माणसाचा चाळा वाटायचा. पुढे तारखा जुळवून पाहिल्या आणि अंगावर काटा आला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला. त्यानंतर बरोबर एक महिन्यानं, १ डिसेंबरला, रहीम साहेबांचा भारतीय संघ मेलबर्न ऑलिंपिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाशी खेळला आणि ४-२ असा जिंकला. चारातले तीन गोल मुंबईच्या नेव्हिल डिसोझाचे. प्रशिक्षक आमच्या जुन्या राज्याचा, गोल मारणारा नव्या राज्याचा! भारत त्या ऑलिंपिकमध्ये चौथा आला. १९६२ मध्ये जाकार्ताला रहीम साहेबांनी आशियाई सुवर्णपदक मिळवून दिलं आणि पुढच्याच वर्षी कॅन्सरनं ते गेले. अलीकडे त्यांच्यावर ‘मैदान’ नावाचा सिनेमा आला, तेव्हा कुठे आमच्या पोरांना त्यांचं नाव कळलं.

एवढी पुण्याई असून आमच्याकडे फुटबॉल टिकला का नाही, याचं उत्तर माझ्याकडे तयार नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये, सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात भरायच्या आधी, सरकारनं राज्यभर एकाच दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवायचा बेत केला होता. शाळाशाळांत चेंडू वाटले. आमच्या भागातल्या एका शाळेतही ते पोचले. पोरं दोन दिवस बेभान खेळली, मग हवा गेली आणि पंप कुणाकडेच नव्हता. मुदखेडला रोज नियमानं फुटबॉल चालतो तो सीआरपीएफच्या प्रशिक्षण केंद्राच्या बाजूला. मणिपूरचे, केरळचे, बंगालचे जवान संध्याकाळी बूट बांधून उतरतात. त्यांच्यातल्याच त्रिशूरच्या एका हवालदारानं मला सामना बघण्याचा पहिला धडा दिला. मी मुंबईला जाणार म्हटल्यावर तो एवढंच म्हणाला, “आगे का टिकट मत लेना. ऊपर बैठना.”

या सल्ल्याचा अर्थ तिथे जाऊनच कळला.

जाण्याआधी एका शेजाऱ्याचं समाधान करावं लागलं. त्याची काकड्याच्या फुलांची बाग आहे. तो म्हणाला, “घरबसल्या टीव्हीवर दिसतंय की समदं, अन् जवळून दिसतंय. मग येवढा पैसा घालून कशाला जायलास?” प्रश्न चुकीचा नाही. टीव्हीवर गोल पुन्हा पुन्हा दाखवतात, संथ करून दाखवतात, गड्याच्या कपाळावरचा घामही दिसतो. मैदानावर तो गोल एकदाच होतो, तोही नेमका तुम्ही शेंगदाण्याची पुडी उघडत असताना. तरी जावं. का जावं, ते पुढे येईल. आधी जायचं कसं ते सांगतो, कारण अर्धा जीव त्यातच जातो.

सामना आहे की नाही, याची खात्री करा. हे मी गमतीनं म्हणत नाही. जुलै २०२५ मध्ये इंडियन सुपर लीगच्या आयोजक कंपनीनं फेडरेशनशी करार संपत आल्याचं कारण देऊन अख्खा हंगामच अडवून धरला होता आणि देशभरातले क्लब महिनोन् महिने हात चोळत बसले होते. तेव्हा वेळापत्रक हातात येऊ द्या, मग रेल्वेचं तिकीट काढा. सामन्याचं तिकीट मोबाइलवरच निघतं. स्वस्तातलं तिकीट मुंबईतल्या सिनेमाच्या तिकिटाच्या आसपास पडतं, त्यामुळे त्याची धास्ती नको.

देवगिरी संध्याकाळी मुदखेडला येते आणि सकाळी तुम्हाला मुंबईत उतरवते. सव्वासहाशेच्या आसपास किलोमीटर झोपेत सरतात. शेवटपर्यंत, सीएसएमटीपर्यंत, जायची गरज नाही. ठाण्याला उतरा, लोकलनं घाटकोपर गाठा आणि तिथून मेट्रो धरा. ही मुंबईची पहिली मेट्रो, जून २०१४ मध्ये सुरू झालेली. अंधेरीच्या पुढचं स्टेशन आझाद नगर. तिथे उतरलात की वीरा देसाई रोडवरचं शहाजीराजे क्रीडासंकुल चालत गाठता येतं. त्याच्या आतलं स्टेडियम म्हणजे मुंबई फुटबॉल अरीना, मुंबई सिटी एफसीचं घर. योगायोग असा की क्लबचा जन्मही २०१४ चाच.

दिवसभर काय करायचं, हे ज्याचं त्यानं ठरवावं. पिशवी मात्र पाहुण्यांकडे किंवा क्लोकरूममध्ये ठेवून द्या. फाटकावर पाण्याची बाटली, पॉवर बँक, लायटर, सुटी नाणीसुद्धा काढून घेतात. नाणी का, तर चिडलेला माणूस ती पंचाला फेकून मारतो. आमच्या जत्रेच्या कुस्त्यांत पंचाला शिव्या बसतात, पण पैसे कुणी फेकून मारत नाही. पैसा उधळायचा तो जिंकणाऱ्यावर.

सामना साडेसातचा असेल तर सहालाच आत जाऊन बसा. लोक उशिरा येतात आणि उत्तम भाग हुकवतात. सामन्याआधी पाऊण तास खेळाडू अंग मोकळं करायला मैदानात येतात. त्या वेळी गर्दी नसते, ढोल नसतो, आणि लाथेचा आवाज स्वच्छ ऐकू येतो. चेंडूवर बूट बसतो तेव्हा जो ठप्प आवाज होतो, तो टीव्हीवर कधीच ऐकू येत नाही. कोरडा, जाड, छातीत उमटणारा. नुसत्या आवाजावरून कळतं की कुणाची लाथ भरली आणि कुणाची घसरली. पाणी मारलेल्या हिरवळीचा वास वरपर्यंत येतो. दिव्यांच्या उजेडात ती हिरवळ इतकी हिरवी दिसते की शेतकऱ्याला संशयच यावा.

मी वर बसलो होतो, मधल्या रेषेच्या थोडं डावीकडे, हवालदाराच्या सांगण्याप्रमाणे. समोर केरळचा संघ होता. निम्मी गर्दी निळी आणि निम्मी पिवळी, कारण मुंबईत मल्याळी माणसांना काय तोटा! माझ्या पुढच्या रांगेत दोन नर्स ड्यूटी संपवून तशाच आल्या होत्या, पांढऱ्या चपला आणि वर पिवळी जर्सी. एका बाजूच्या स्टँडमध्ये वेस्ट कोस्ट ब्रिगेड, मुंबई सिटीचे खंदे समर्थक. ते बसत नाहीत. संघ मागे पडला म्हणून गाणं थांबवत नाहीत. नव्वद मिनिटं उभं राहून घसा फोडायचा आणि सकाळी लोकल पकडून कामावर जायचं, ही एक प्रकारची वारीच म्हणायची.

शिट्टी झाली. पहिली दहा मिनिटं मीही सगळ्यांसारखा चेंडूच्या मागे डोळे पळवत होतो. मग मान दुखायला लागली म्हणा की काय, नजर सैल झाली, आणि सामना उलगडला.

बांधावर उभं राहून शेतकरी शेत पाहतो, तसं मैदान वरून दिसतं. तो एकेका झाडाकडे बघत नाही. पाणी कुठे साचलंय, कुठे विरळ पडलंय, कुठल्या कोपऱ्यात रोग शिरतोय, हे त्याला एका नजरेत कळतं. बावीस गड्यांपैकी चेंडू एकाकडेच असतो. टीव्ही त्या एकाला दाखवतो. उरलेले एकवीस काय करतात, ते बघायला तिकीट काढावं लागतं.

मुंबईचा लालियानझुआला छांगटे मिझोरामच्या लुंगलेईचा. त्या संध्याकाळी चेंडू पलीकडच्या बाजूला अडकला होता आणि हा गडी अलीकडे, रेषेला लागून, चक्क चालत होता. हात कमरेवर. बघणाऱ्याला वाटावं, दमला. त्याच्यावर नेमलेला केरळचा बचावपटू एकदा चेंडूकडे बघे, एकदा मान वळवून याच्याकडे. चेंडूकडे, याच्याकडे. असं तीनचार वेळा झालं. मग एकदा बचावपटूनं चेंडूकडे पाहिलं आणि त्याच क्षणी छांगटेचा हात कमरेवरून सुटला. मान परत वळेपर्यंत हा चार पावलं पुढे. पास आलाच नाही. मधल्या फळीतल्या गड्याला तो दिसला नाही किंवा वाट मिळाली नाही. छांगटे थांबला, वळला, पुन्हा रेषेकडे चालत गेला, हात पुन्हा कमरेवर. स्टेडियममधल्या बहुतेकांना काही घडल्याचा पत्ताच नव्हता. दुसऱ्या दिवशीच्या क्षणचित्रांत ते कुठून येणार? मला मात्र त्या संध्याकाळचं तेच सगळ्यात ठळक आठवतं.

मागची फळी बघा. चार गडी जवळजवळ एका ओळीत असतात. समोरून लांब पास सुटणार असं दिसलं की त्यांच्यातला एक ओरडतो आणि चौघं एकदम दोन पावलं पुढे सरकतात. समोरचा आक्रमक मागे उघडा राहतो. चेंडू त्याच्याकडे सुटताना तो त्या ओळीच्या पलीकडे असला की ऑफसाइड. टीव्हीवर फक्त वर गेलेला झेंडा दिसतो. इथे ती ओळ सरकताना दिसते, आणि ज्या दिवशी चौघांपैकी एकाचं पाऊल मागे राहतं, त्या दिवशी ते आधीच दिसतं. गोल व्हायच्या तीन सेकंद आधी तुमच्या तोंडून “गेलं!” निघतं, आणि शेजारचा तुमच्याकडे वळून बघतो.

गोलरक्षकही बघावा, तोही चेंडू लांब असताना. आपला संघ पलीकडे हल्ला करत असला की तो आपल्या चौकोनाच्या टोकापर्यंत चालत येतो, मैदानात एकटाच. बूट खांबावर आपटून चिखल झाडतो. हातमोज्यांचे पट्टे सोडतो, पुन्हा आवळतो. ओरडून मागच्या फळीला डावीकडे सरकवतो, आणि त्याचं कुणी ऐकलं की स्वतःशीच मान हलवतो. एवढ्या गर्दीत इतका एकटा माणूस दुसरा नसतो.

मध्यंतर पंधरा मिनिटांचं. त्यात वडापाव आणि स्वच्छतागृह दोन्ही जमत नाही. एक काहीतरी ठरवा.

मुंबई परिसरातले काही मोठे सामने नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवरही होतात. ६ नोव्हेंबर २०२३ ला सौदीचा अल हिलाल तिथेच मुंबई सिटीशी आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये खेळला आणि २-० जिंकला. तिकिटांवर उड्या पडल्या होत्या त्या नेमारसाठी. तो दुखापतीमुळे आलाच नाही. ते स्टेडियम देखणं आहे, पण मूळ क्रिकेटचं. गोल मैदानात चौकोनी खेळ बसवला की प्रेक्षक लांब पडतो. फुटबॉल बघायचा तर अंधेरीलाच.

आणि प्रेक्षक म्हणून तयार व्हायचं असेल तर आधी कोल्हापूरला एक फेरी मारून या, असंही मी म्हणेन. तिथला फुटबॉल व्यावसायिक नाही, पण शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम समोरासमोर आल्या की पेठांचा रक्तदाब वाढतो. तालमीचा फुटबॉल संघ ही गोष्ट जगात दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही. त्याच मातीतला अनिकेत जाधव २०१७ च्या त्या विश्वचषकात भारताकडून खेळला. कोल्हापुरातल्या बघ्याला चेंडू नसलेला गडी कोण, हे शिकवावं लागत नाही. तो गडी काल त्याच्याच कट्ट्यावर बसलेला असतो.

मुंबई सिटीच्या नशिबाची एक गोष्ट मला विचित्र वाटते. त्यांचा सगळ्यात मोठा हंगाम २०२०-२१ चा. साखळीत पहिले आले आणि चषकही जिंकला. त्या लीगमध्ये दोन्ही एकाच वर्षी मिळवणारा तो पहिला संघ. १३ मार्च २०२१ ला अंतिम सामन्यात एटीके मोहन बागानशी १-१ अशी बरोबरी होती आणि नव्वदाव्या मिनिटाला मणिपूरच्या बिपिन सिंगनं गोल केला. आणि हे सगळं घडलं ते कोरोनाच्या काळात, गोव्यात, रिकाम्या खुर्च्यांसमोर. त्या हंगामात प्रेक्षकांना प्रवेशच नव्हता. टीव्हीवर गर्दीचा आवाज वरून जोडलेला असायचा. मी तो सामना घरी पाहिला. गोल झाला, आवाज उसळला, आणि कॅमेरा फिरला तर मागे ओळीनं मोकळ्या खुर्च्या. काकड्यावाल्या शेजाऱ्याला तेव्हा मी दाखवलं असतं, की बाबा, हे बघ, घरबसल्या दिसतं ते हे.

दुसरी गोष्ट राहुल भेकेची. मुंबईचा मराठी पोरगा, बचावपटू. १७ मार्च २०१९ ला अंधेरीच्या याच मैदानावर त्याच लीगचा अंतिम सामना होता, बंगळुरू विरुद्ध गोवा. नव्वद मिनिटं गोलशून्य. जादा वेळही संपत आलेला. ११७ व्या मिनिटाला कॉर्नरवरून आलेल्या चेंडूला भेकेनं डोकं लावलं आणि बंगळुरू जिंकलं. पुढे तो मुंबई सिटीत आला, आणि ११ एप्रिल २०२२ रोजी रियाधमध्ये इराकच्या अल कुवा अल जाविया या संघाविरुद्ध पुन्हा त्याच्याच डोक्यानं विजयी गोल केला. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबनं जिंकलेला तो पहिला सामना. ज्याचं काम गोल अडवायचं, तो पुढे येतो तो असा, कॉर्नरच्या वेळी, गर्दीत, कुणाचं लक्ष नसताना.

हे सांगण्याचं कारण परतीची गाडी. मुंबईहून देवगिरी रात्री नऊच्या पुढे लगेच सुटते आणि साडेसातचा सामना सव्वानऊनंतर संपतो. गाडी पकडायची तर मध्यंतरालाच उठावं लागेल. असे उठणारे असतात. त्यांना आपण काही बोलू नये, संसार असतो एकेकाचा. पण नव्वदावं मिनिट बिपिन सिंगचं आणि एकशेसतरावं भेकेचं, हे माहीत असलेला माणूस उठत नाही. तेव्हा देवगिरी सोडून द्या. रात्री प्रतीक्षालयात अंग टाका, नाहीतर डोंबिवलीच्या पाहुण्यांना आधी फोन करून ठेवा. सकाळी सहाच्या सुमाराला सीएसएमटीहून तपोवन सुटते, ती संध्याकाळी नांदेडला आणते. नांदेडहून मुदखेडला पुढची गाडी बघायची, नाही मिळाली तर जीप. दिवसाची गाडी असल्यानं मनमाडनंतर ऊन चढतं; आरक्षण करताना वरचा बर्थ मागू नका, तपोवनमध्ये नुसती बसायची सीट असते.